नाव आवडलं, पण विचारलं कुणाला?

पुन्हा तेच! बाळासाठी परक्या संस्कृतीतलं नाव निवडायचं आणि अर्थ विचारला की मोबाइल पुढे करायचा, ‘हे बघ, इथे लिहिलंय.’ अरे, ती भाषा बोलणाऱ्या एका तरी माणसाला विचारलंत का? ‘काई’ म्हणजे हवाईयन भाषेत समुद्र, न्यूझीलंडच्या माओरी भाषेत अन्न. जपानी ‘हारुका’चा अर्थ तर कांजी अक्षरं, म्हणजे जपानीत वापरतात ती चिनी चिन्हं, ठरल्याशिवाय कळतच नाही. आणि ‘कोहेन’! ज्यूंमध्ये ते आरोनच्या, म्हणजे बायबलमधल्या मोशेच्या भावाच्या, वंशातल्या पुरोहितांचं पद, बापाकडून मुलाकडे येणारं. कानाला गोड लागतं म्हणून ते कुणी उचललं की कित्येक ज्यूंच्या मनाला लागतं. हे सांगितलं की मलाच ऐकवतात, ‘तुला खोट काढायची सवयच आहे.’ मग विचारता कशाला मला?