एका आड एक बसवा, पण कुठे?

‘कोरोनात मुंबईच्या शाळा दीड वर्ष बंद ठेवायची काही गरज नव्हती. मुलांना तो होतच नव्हता. एका आड एक बसवलं असतं की झालं असतं. परदेशात नाही का उघडल्या? आणि बार सुरू असताना शाळाच का बंद? मास्तरांना घरबसल्या पगार हवा होता, दुसरं काय!’

हा मजकूर अजून फिरतो. परवा मावसभावाने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेले. मी गोवंडीत महापालिकेच्या शाळेत शिकवते, हे त्याला ठाऊक आहे.

बाकापासूनच सुरुवात करते. आमचा वर्ग साधारण २० बाय २५ फुटांचा, पट ५२. एका बाकावर तिघं. एका आड एक म्हणजे मधला उठवायचा. राहिलेल्या दोघांत जेमतेम तीन फूट. जुलै २०२१ च्या सरकारी सूचना होत्या एका बाकावर एक, दोन बाकांत सहा फूट आणि वर्गात फार तर १५ ते २० मुलं. फळ्यासमोरची जागा सोडून मी खडूने खुणा केल्या होत्या, भिंतीला टेकवून बसवली तरी सोळाच बसत होती. म्हणजे चार गट. सहा दिवसांच्या आठवड्यात एकेका पोराच्या वाट्याला दीड दिवस, आणि चारही गटांना शिकवायला मी एकटी.

बरं, वर्ग हा त्यातला सोपा भाग. आमच्या एकाच इमारतीत तळमजल्यावर उर्दू शाळा, वर मराठी, त्यावर हिंदी. दोन सत्रं. साडेबाराला सकाळची मुलं उतरतात, दुपारची चढतात, जिना एकच. त्या पंधरा मिनिटांत कुणी सहा फूट राखून दाखवावेत! बाक पुसायचे तेही तेवढ्यातच. खिडक्या उघडल्या की रस्त्यावरच्या भोंग्यांपुढे माझा आवाज पोचत नाही, लावून घेतल्या की हवा खेळत नाही. मास्कचं म्हणाल तर खिचडी मास्क लावून खाता येत नाही. आणि काही पोरांचं दिवसातलं पोटभर जेवण तेच असतं, ते बंद करा म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

‘मुलांना होतच नव्हता’ हे तर साफ चूक. एप्रिल ते जून २०२१ मध्ये पालिकेने मुंबईतल्या १८ वर्षांखालच्या मुलांच्या रक्ताचे नमुने तपासले, त्यात ५१ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली. बहुतेकांना त्रास कमी झाला, हे खरं. पण हाच आकडा आमच्या बाजूच्यांनाही बोचतो, कारण तेव्हा शाळा बंदच होत्या. वस्तीत मुलं एकमेकांत होतीच. माझी भीती मुलांपेक्षा त्यांच्या आजीची होती. दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसं, आणि साठीपुढच्यांना लस मिळू लागली ती १ मार्च २०२१ पासून. ४५ वरच्यांना एप्रिलमध्ये, बाकीच्या आईबापांना मेमध्ये. राज्यात इतरत्र नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबर २०२० मध्ये भरू लागले, तेव्हा आमच्या घराघरांत एकालाही डोस मिळालेला नव्हता.

परदेशाचं म्हणाल तर डेन्मार्कने एप्रिल २०२० मध्ये लहान मुलांच्या शाळा उघडल्या, पण छोटे गट करून आणि जमेल तितकं मैदानात शिकवून. आमच्याकडे मैदान म्हणजे गेट ते पाण्याची टाकी. इस्रायलने मे २०२० मध्ये भरलेल्या वर्गांनिशी शाळा सुरू केल्या. उकाडा वाढला म्हणून मास्कची सक्ती उठवली, एसी चालू ठेवले, आणि जेरुसलेमच्या एकाच शाळेत दीडशेहून जास्त मुलं बाधित निघाली.

पगाराबद्दल फार लिहीत नाही. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या सरकारच्या घरोघरी तपासणीच्या मोहिमेत मी बंदूकीसारखा तापमापक आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेऊन चाळी पालथ्या घातल्या, नंतर वॉर्डच्या वॉर रूममध्ये, म्हणजे कोरोनाच्या मदत कक्षात, फोन घेतले. आणि लोकल बंद असताना विरार-बदलापूरच्या सहकाऱ्यांनी शाळेत यायचं कसं, हेही त्या मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

राहिला बारचा मुद्दा. तिथे मात्र, दादा, माझ्याकडे उत्तर नाही. राज्यात बार आणि हॉटेलं ५ ऑक्टोबर २०२० ला उघडली. मुंबईत आठवी ते बारावीची घंटा वाजली ४ ऑक्टोबर २०२१ ला. मधे दुसरी लाट येऊन सगळंच पुन्हा बंद झालं, हे धरूनही एवढं अंतर मला पटत नाही. पहिल्या उघडझापीत पहिला नंबर कुणाचा, हे ठरवताना आमची चार गटांची यादी कुणी मागितलीच नाही. रिकाम्या पडलेल्या सभागृहांत एखादा गट बसवता आला असता. आठवड्याचा दीड दिवस तरी मिळाला असता.

त्या ४ ऑक्टोबरला पहिला गट आला. सहावीत असताना सोडलेली मुलं आठवीची होऊन आली होती. सोळातली अकरा. गणवेशाच्या बाह्या कोपरापर्यंत चढलेल्या. उरलेल्या पाचांतले दोघं गावीच राहिलेत असं कळलं, तिघांचे फोन लागत नव्हते. दुपारी हजेरी घेऊन मी त्यांच्या वस्तीत गेले.