मर्सिडीजवाले मामा

"मामा, तेवढे पाय आत घ्या की. फ्रेममध्ये यायलेत."

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या रस्त्याकडेला, ट्रकच्या डिझेल टाकीखाली मी उताणा पडलो होतो. एका हातात सतराचा पाना, दुसऱ्या हातात चिरलेल्या रबरी पाइपचं टोक, आणि पाइपमधलं डिझेल थेंबाथेंबाने कानाच्या दिशेने निघालेलं. अशा वेळी माणसाला वाटतं की आपली कुणीतरी चौकशी करेल. पाणी हवंय का विचारेल. पाय फ्रेममध्ये यायलेत, ही तक्रार मी तरी पहिल्यांदाच ऐकली. माझे पाय काही बेवारस नव्हते. त्यांच्या वरच्या अंगाला मी होतो.

झालं होतं एवढंच की सुगी आटपली होती, मेव्हण्याच्या शेतातलं पिंजर, म्हणजे भाताचं वाळलेलं गवत, भरून मी वडगावकडे निघालो होतो आणि राजहंसगडाच्या पायथ्याला गाडीने एअर घेतली. टाकीपासून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाकडे जाणारा रबरी पाइप म्हातारा झाला की त्याला केसाएवढी चीर पडते. तिच्यातून डिझेल बाहेर येत नाही, हवा मात्र आत जाते. मग इंजिन दोनदा खोकतं, एकदा उचकी देतं आणि बंद पडतं. मोठा बिघाड मुळीच नव्हे. पाइपचं टोक कापायचं, क्लिप आवळायची, फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप मारत बसायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग नितळ डिझेल. तिथं स्क्रू आवळला की काम झालं. तेवढ्यात ही मंडळी आली.

गाडीबद्दल सांगायला हवं. गाडी १९६७ची, लांब नाकाची, टाटा मर्सिडीज. टेल्को, म्हणजे आताची टाटा मोटर्स, आणि जर्मनीच्या डाइमलर-बेंझचा करार १९५४ साली झाला आणि जमशेदपुरात ट्रक बनायला लागले. पंधरा वर्षांनी, १९६९मध्ये, करार संपला आणि नाकावरची तीन टोकांची चांदणी गेली. आमच्या गाडीवर ती अजून आहे. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवालही १९६७चाच. दोन्ही एका वयाची, आणि दोन्हींबद्दल लोक अजून एकच प्रश्न विचारतात, पुढं सरकणार का? आमची गाडी निदान ढकलली तर सरकते.

वडिलांनी ती दुसऱ्या हाताची घेतली आणि निपाणीचा तंबाखू वाहिला. माझं उद्यमबागेत लेथचं छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळे किंग पिनचा बुश असो की कमानपाट्याची पिन, बाजारात मिळत नाही म्हणून गाडी कधी अडत नाही. मी स्वतः टर्न करून घालतो. अडते ती माणसांपायी. टायर चाकावर अडकवून ठेवणारी लोखंडी लॉक-रिंग आहे म्हटल्यावर पंक्चरवाली आताची पोरं दोन पावलं मागं सरतात. चूक त्यांचीही नाही म्हणा, ती रिंग हवा भरताना उडाली तर माणसाचं डोकं जागेवर राहत नाही. पण म्हणून, "मामा, हे म्युझियमात न्या," हे उत्तर झालं का? पंक्चर काढून मिळायला मला आधी म्युझियम गाठावं लागणार, आणि तिथवर जायला टायरमध्ये हवा लागणार.

तर, मंडळी. एक फोटोग्राफर, त्याच्या हाताखालचं एक पोरगं, एक नियोजित वर आणि एक नियोजित वधू. गडावर प्री-वेडिंग करून उतरत होते. वराच्या अंगावर जोधपुरी. वधूच्या घागऱ्याचा घेर इतका की त्याला स्वतंत्र परमिट लागावं. गडावर गर्दी फार म्हणून फोटोग्राफर खट्टू झाला होता. वळणावर त्याला माझी गाडी दिसली. धुळीने माखलेली, वर पिवळंधमक पिंजर, मागं गड, आणि मावळतीचं ऊन. तो गाडी थांबायच्या आधीच उतरला असावा.

"मामा, कसली फ्रेम हाय ओ! हलवू नका हं."

हलवू नका! हलत असती तर मी टाकीखाली काय पूजा घालत होतो?

मी पाय आत घेतले. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या बाजूने सहकार्य कमी पडलं असं कुणी म्हणू नये. पाइपला क्लिप लावून मी बाहेर आलो, बॉनेट उघडलं आणि हातपंपाला हात घातला.

"मामा, बॉनेट तेवढं बंद करा की."

"एअर काढायची आहे."

"बाहेरनं निघत न्हाई काय?"

"नाही."

"मग अर्धं बंद करा. तोंड वासल्यागत दिसायलंय."

अर्ध्या बॉनेटखाली मान घालून हातपंप मारणं हा काय प्रकार आहे, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. अंगठ्याएवढी ती दांडी, तिला दोन बोटांनी खालीवर करायचं, आणि दुसऱ्या हाताने स्क्रूजवळ चिंधी धरायची. बुडबुडे मोजणीचे नव्हेत, नजरेचे असतात. शेवटचा बारीक बुडबुडा गेल्याशिवाय स्क्रू आवळला तर सगळं पहिल्यापासून. आणि इकडे माझ्या पाठीवरून वधूला मडगार्डवर चढवायचं चाललेलं.

माझ्याबरोबर मेव्हण्याचा पोरगा होता, क्लीनर म्हणून. आणलेला मी, पण पाच मिनिटांत तो तिकडचा झाला. फोटोग्राफरच्या पोराकडून त्याने ती चंदेरी गोल चकती घेतली आणि वधूच्या तोंडावर ऊन पाडायला लागला. मी म्हटलं, अरे, जरा इकडे फिल्टरवर पाड, मला दिसत नाही. त्याने पाडला उजेड, नाही असं नाही. तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "मामांच्या टकलावर मारू नको रे, ग्लेअर यायलाय!"

मडगार्डवर बसता बसता वधूला ती चांदणी दिसली.

"अय्या! मर्सिडीज?"

सगळं थांबलं. वर पुढे आला. तो गोकाककडचा, कन्नड बोलणारा. त्याने चांदणीवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं, परत चांदणीकडे पाहिलं. मीही मान वर काढली. अहो, इतक्या वर्षांत गाडीबद्दल कुणी आपणहून विचारत असेल तर माणूस सांगणारच. मी १९५४पासून सुरुवात केली. जमशेदपूर सांगितलं, सहा सिलिंडर सांगितले, शंभराच्या आसपास घोडे सांगितले, गिअर बदलायला डबल क्लच कसा लागतो ते सांगितलं. क्लच दाबायचा, न्यूट्रल, सोडायचा, खालचा गिअर हवा असेल तर रेस द्यायची, परत दाबायचा आणि मग कुठे गिअर. यात अर्धा श्वास चुकला तर गिअर असे दात खातो की येळ्ळूरपर्यंत ऐकू जावं.

फोटोग्राफरने मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे मामा, ही ओरिजिनल न्हवं."

"ओरिजिनलच. करारातली."

"तसं न्हवं ओ. शोरूममध्ये मर्सिडीज असती ना, तसली न्हवं."

"हिच्यात कित्येक टन जातं. तुझ्या शोरूमवालीत काय जातं?"

"दोघं जात्यात की," तो वधूवरांकडे बोट दाखवून म्हणाला. "असू दे, चांदणीच घेतो. खालचं टाटा कट करतो."

त्यानंतर तो मला 'मर्सिडीजवाले मामा' म्हणायला लागला आणि त्या नावाने हुकूम सोडायला लागला. मर्सिडीजवाले मामा, ती चिंधी काढा. मर्सिडीजवाले मामा, थोडं पिंजर खाली सांडू का, रस्टिक दिसेल. हे पिंजर दावणीला जायचं आहे, तुमच्या रस्टिकला नव्हे, असं मी सांगितलं. मग त्याने पिशवीतून दोन डबे काढले. रंगीत धुराचे! एक गुलाबी, एक भगवा. वाळलेल्या पिंजराच्या गाडीजवळ! तेव्हा मात्र मी पाना हातात घेऊनच बाहेर आलो. डबे पिशवीत गेले. पण धूर नाही म्हटल्यावर फोटोग्राफरचा चेहरा असा पडला की वधूच त्याची समजूत घालायला लागली.

"अण्णा, इन्नू एष्टु होत्तु?" अजून किती वेळ, असं वराने घड्याळ बघत मला विचारलं. जोधपुरीत त्याचा पार घाम निघाला होता.

"ऐदु निमिष," मी म्हटलं. पाच मिनिटं. एअर काढणाऱ्या माणसाला हे एकच उत्तर येतं, कुठल्याही भाषेत विचारा.

शेवटचा बुडबुडा गेला, स्क्रू आवळला, कॅबिनमध्ये चढलो, सेल्फ मारला. एअर काढल्यावर जुनं इंजिन जेव्हा पकडतं तेव्हा ते एकदम पकडत नाही. आधी दोन सिलिंडर, मग चार, मग सहा, आणि तोपर्यंत न जळलेलं सगळं डिझेल सायलेन्सरमधून बाहेर. पांढऱ्याकाळ्या धुराचा असा लोट निघाला की राजहंसगड दिसेना, वधूही दिसेना. मी शरमलो. मुलीचा घागरा काय भावाचा असेल, या हिशेबाने पोटात गोळा आला. धुरातून फक्त फोटोग्राफरचा आवाज ऐकू येत होता.

"जबरदस्त! जबरदस्त, मामा! बंद करा, बंद करा! परत एकदा चालू करा!"

आता काय बोलायचं? ज्या इंजिनासाठी मी टाकीखाली लोळलो, कानात डिझेल घेतलं, ते आपल्या हाताने बंद करायचं, का, तर वधूचे डोळे मिटले होते. पण आमच्या भागात याचं नवल नाही. त्याच राजहंसगडावरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं मार्च २०२३मध्ये दोन पक्षांनी दोनदा अनावरण केलं. पुतळा दोनदा अनावृत होतो तिथं इंजिन दोनदा स्टार्ट व्हायला हरकत कोण घेणार? मी मात्र घेतली. गिअर टाकला आणि निघालो. वर धावत आला, खिडकीतून शंभराची नोट आत सारली आणि म्हणाला, चहाला. मी नको म्हणायच्या आत मेव्हण्याच्या पोराने ती खिशात घातली. चार माणसं हाताखाली असलेल्या वर्कशॉपच्या मालकाला चहाला शंभर रुपये!

राग त्या शंभराचा नाही. म्हणजे आहे, पण तेवढाच नाही. हीच गाडी फोटोत 'व्हिंटेज' आणि कागदावर भंगार, याचा आहे. केंद्राने २०२१मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांवरच्या गाडीला खास नंबर, त्यात 'व्हीए' ही अक्षरं, नोंदणीला वीस हजार रुपये. मी मोठ्या हौसेने कागद घेऊन एका कार्यालयात गेलो. खिडकीतल्या साहेबांनी नियम वाचला, गाडीचा फोटो पाहिला आणि शांतपणे विचारलं, "चाकं किती?"

"सहा."

"नियम दुचाकीला आणि प्रवासी चारचाकीला आहे."

"पण वय बघा ना साहेब, पन्नासच्या वर आहे."

"वय आहे. चाकं जास्त आहेत."

म्हणजे बापाची फियाट शेडमध्ये झाकून ठेवणारा वारसा जपतो, आणि ज्या ट्रकने तंबाखू वाहिला, ऊस वाहिला, शिवजयंतीच्या मिरवणुकीत रात्रभर चित्ररथ होऊन अख्ख्या शहरातून फिरला, तो मालवाहू म्हणून बाद. फिटनेसच्या तपासणीला नेलं की तिथला माणूस सायलेन्सरकडे बघून मान हलवतो. धूर जास्त आहे, पंप दाखवा. शिवाय म्हाताऱ्या गाडीची फी तरण्या गाडीपेक्षा चढीच. माणसाला साठीनंतर कुठे कुठे सवलत तरी मिळत होती.

परवा त्या फोटोग्राफरचा निरोप आला. मेव्हण्याच्या पोराने त्याला माझा नंबर दिला होता, शंभराला जागला म्हणायचं. लग्नसराई तोंडावर आहे, तासाला गाडी काय भावाने देता? धुवू नका, धूळ तशीच राहू दे. पिंजर असलं तर उत्तम. ड्रायव्हर लागणार नाही, गाडी उभीच ठेवायची आहे. आणि खाली, वेगळ्या ओळीत: स्टार्टिंगचा धूर मात्र त्या दिवशीसारखाच पाहिजे, तो पार्टीला दाखवलाय.

मी निरोप बायकोला वाचून दाखवला. मला वाटलं ती चिडेल.

"मग दर काय कळवलात?"

"अजून काही नाही."

"का?"

"पंप काल कॅलिब्रेशनला टाकलाय. फिटनेस जवळ आलंय ना. उद्या परत आला की गाडी धूर सोडणार नाही."

ती भाजी निवडत होती, थांबली. म्हणाली, "मग सोमवारी आणा की पंप. आधी तारखा किती हायत ते तरी विचारा त्याला."