बेबी आरिस्मेंदी : एक चूक कबूल, बाकी थोडे भांडण

आपण प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. 1930च्या दशकातला मेक्सिकन मुष्टियोद्धा बेबी आरिस्मेंदी याच्यावरील माझ्या लेखावर आपले तीन आक्षेप आहेत. त्याला ‘पहिला मेक्सिकन जगज्जेता’ म्हणणे चुकीचे आहे. अमेरिकन मुष्टियोद्धा हेन्री आर्मस्ट्राँगवरचे त्याचे दोन्ही विजय मेक्सिको सिटीत, घरच्या प्रेक्षकांपुढे आणि गुणांवर (म्हणजे नॉकआउटने नव्हे, तर पंचांच्या निर्णयाने) मिळालेले असल्याने त्यांचे कौतुक करण्यात अर्थ नाही. आणि आर्मस्ट्राँगशी झालेल्या पुढच्या तिन्ही लढती तो हरल्यामुळे दोघांची तुलनाच होऊ शकत नाही.

पहिला आक्षेप संपूर्ण मान्य. 30 ऑगस्ट 1934 रोजी माइक बेलॉइसला 15 फेऱ्यांच्या लढतीत हरवून आरिस्मेंदीने मिळवलेला फेदरवेट या हलक्या वजनगटाचा किताब न्यूयॉर्क राज्याच्या मुष्टियुद्ध आयोगापुरता होता. नॅशनल बॉक्सिंग असोसिएशन या दुसऱ्या अमेरिकन संघटनेचा किताब तेव्हा फ्रेडी मिलरकडे होता, आणि त्याच मिलरकडून आरिस्मेंदी 1933 मध्ये लॉस एंजेलिसला हरला होता. शिवाय मेक्सिकोतील नुएव्हो लारेदोत जन्मलेल्या बॅटलिंग शॉने फेब्रुवारी 1933 मध्येच जॉनी जॅडिकला हरवून ज्युनियर वेल्टरवेट या वजनगटाचे जगज्जेतेपद पटकावले होते. तीनच महिन्यांत टोनी कॅन्झोनेरीने ते हिरावून घेतले, त्यामुळे शॉचे नाव फारसे कोणाच्या तोंडी राहिले नाही. पण लेख लिहिणाऱ्याने तरी ते विसरायला नको होते. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसरा आक्षेप मला अर्धाच पटतो. नोव्हेंबर 1934 आणि 1 जानेवारी 1935 या दोन्ही लढतींत पंचांनी यजमानाला झुकते माप दिले नसेलच, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु हाच न्याय लावायचा, तर पुढच्या तिन्ही लढती लॉस एंजेलिसला, म्हणजे आर्मस्ट्राँगच्या राहत्या शहरात झाल्या आणि त्यांचेही निकाल गुणांवरच लागले, हेही हिशेबात धरावे लागेल. खरे तर आपण घेतला नाहीत असा एक आक्षेप अधिक बिनतोड ठरला असता : 1934 मधला आर्मस्ट्राँग अवघा एकवीस वर्षांचा होता, आणि त्याचा बहराचा काळ अजून यायचा होता. लेखात हे स्पष्ट सांगायचे माझ्याकडून राहून गेले.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र मी मुळीच सहमत नाही. 1937 या एका वर्षात आर्मस्ट्राँगने 27 लढती जिंकल्या आणि त्यांतील 26 नॉकआउटने. डोके प्रतिस्पर्ध्याच्या छातीशी भिडवून, एक पाऊलही मागे न घेता, घंटा होईपर्यंत ठोसे मारत राहणे ही त्याची पद्धत; तिच्यापुढे भलेभले चार-पाच फेऱ्यांत कोलमडत. अशा भरात असलेल्या माणसासमोर आरिस्मेंदी मार्च 1938 मध्ये दहाच्या दहा फेऱ्या उभा राहिला. त्यानंतर आर्मस्ट्राँगने एकाच वेळी तीन वजनगटांचे किताब आपल्याकडे ठेवण्याचा पराक्रम केला, आणि तरीही 10 जानेवारी 1939 रोजी ऑलिंपिक ऑडिटोरियममध्ये वेल्टरवेटच्या किताबासाठी झालेल्या लढतीत आरिस्मेंदीने पूर्ण 15 फेऱ्या काढल्या. पाच लढतींच्या मिळून 57 फेऱ्या होतात. तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने जवळजवळ तीन तास. एवढ्या वेळात आर्मस्ट्राँगला त्याला एकदाही नॉकआउट करता आले नाही. दोघांत आर्मस्ट्राँग श्रेष्ठ, हे मी लेखातही लिहिले होते; पण तीन विरुद्ध दोन एवढ्या आकड्यावर ही तुलना मोडीत काढायला माझी तयारी नाही.