केयी नही, केयी!

खान्देशात मुलांचं शुद्धलेखन घेणं तसं सोपं आहे. अडचण एवढीच की ते घेणाराही खान्देशातलाच असतो. रावेरकडचा बाप 'केयी' म्हणतो, पोरगं इमानेइतबारे 'केयी' लिहितं, आणि वही पाहून बाप कडाडतो, "केयी नही रे, केयी लिख!" पोरगं पुन्हा 'केयी' लिहितं. न्यायनिवाड्याला शेजारी बोलवावा, तर तोही जयगावचा!

माझं मत पोराच्या बाजूनं आहे. त्यानं कानावर पडलं ते कागदावर उतरवलं. ळचा य होणं हा जिभेचा आळस नाही, ती बोलीची रीत आहे. केळीची केयी होते, डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया होते. म्हणून पहिला धडा बापाला. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला टेकवायचं आणि झटकन सोडायचं. टेकलंच नाही तर य झालाच म्हणून समजा. तेवढं जमेपर्यंत ळचे शब्द तोंडानं सांगूच नयेत. केळ्याचं चित्र दाखवावं आणि गप्प बसावं. गप्प बसणं ळहून अवघड, हे मान्य.

बसायचं ते जेवणाआधी, पंधरा मिनिटं, पाच शब्द. वीस शब्द काढले की सहाव्याला तहान लागते, नवव्याला शू, आणि बाराव्याला आजी स्वयंपाकघरातून येते, "जेवू दे त्याले आधी!" तिथं शुद्धलेखन संपलं.

सुरुवात अ-आ-इपासून कशाला? ग म भ न घ्या, दंडाची अक्षरं आहेत, हात लवकर बसतो. मात्र वरची रेघ शेवटी, आणि तीही बघून. काही मुलं शब्द झाला की पट्टी लावून एका दमात रेघ ओढतात. भ आणि ध यांच्या डोक्यावर रेघ तुटलेली असते, ती बुजली की भचा म, धचा घ. वांग्याचं भरीत 'मरीत' होऊन ताटात येतं.

भरीत निघालंच आहे तर ऱ्हस्व-दीर्घही उरकू. शासनमान्य नियम अठरा आहेत, 1962 साली चौदा आणि 1972 साली आणखी चार. सात वर्षांच्या पोराला त्यातलं एकही ऐकवू नये, शब्दांच्या जोड्या द्याव्यात. भरीत, पण भरिताची वांगी. ऊस, पण उसाचा रस. जमीन, पण जमिनीत. शेवटचं अक्षर आखूड असलं की आधीची वेलांटी बहुधा दुसरी, आणि पुढे काही चिकटलं की ती पहिली. इथवर पोरगं ऐकतं. मग येतो कापूस. 'कापसाचा भाव' म्हणताच त्याचा ऊकार पहिलाही होत नाही, पार नाहीसाच होतो. लाकडाचं तेच, बेडकाचं तेच. पहिलं अक्षर लांब असलेल्या तीन अक्षरी शब्दांची ही खोड आहे. कापूस बाजारात नेला की त्यातून काहीतरी गळतंच, हे मात्र इथल्या पोराला समजावून सांगावं लागत नाही.

पहिली वेलांटी कुठली, याला 'जेवायच्या हाताकडची दुसरी' ही खूण चालते. डावखुऱ्या पोराला अर्थातच उलट सांगावी. विसरलात तर आठवडा गेला.

चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावणं ही शिक्षा कागदाला होते. पोरगं हुशार असतं. ते आधी वरून खाली वीस 'का' काढतं, मग वीस 'पु', मग वीस 'स'. शब्द एकदाही लिहिला जात नाही आणि चूक मात्र वीसदा घोटली जाते. त्यापेक्षा ओळीच्या कडेला नुसता ठिपका द्यावा, चूक त्यालाच शोधू द्यावी, आणि शब्द झाकून तीनदा लिहून घ्यावा.

एवढं सगळं सांभाळलं की महिन्याभरात ळ बसतो. आडव्या इंग्रजी आठासारखा गुबगुबीत, देखणा. बसतो तो इतका पक्का, की पोरगं आता कुठल्याच यवर विश्वास ठेवत नाही. मग एका संध्याकाळी गायीवरचा निबंध तपासायला समोर येतो. एकही वेलांटी चुकलेली नसते, भच्या डोक्यावरची रेघ जिथं हवी तिथं तुटलेली असते, आणि पहिलंच वाक्य असतं: 'गाळीला चार पाळ असतात.'