हिंगात काय आहे, एवढंच विचारतेय

काल संध्याकाळी गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या दुकानात मसाल्यांच्या रॅकसमोर मी पंचवीस मिनिटं उभी होते. एका हातात हिंगाची डबी, दुसऱ्या हातात मोबाइल. डबीचा फोटो काढायचा, बोटांनी मोठा करायचा, मग एकेक अक्षर लावायचं. 'हिंग' हा शब्द लांबून दिसेल एवढा मोठा. आत काय घातलंय ते मात्र मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, पिवळ्यावर पांढरं, आणि नेमकं त्याच्यावर दुकानाने किमतीचं स्टिकर चिकटवलेलं. ते नखाने खरवडायला लागले तर दुकानातला मुलगा येऊन म्हणाला, "मॅडम, घ्यायचं असेल तरच उघडा." अरे बाबा, मी उघडत नाहीये, वाचतेय!

स्टिकर निघालं. खाली लिहिलं होतं, 'एडिबल सिरियल फ्लोअर'. म्हणजे खाण्यायोग्य धान्याचं पीठ. कुठल्या धान्याचं? तांदळाचं असेल तर मला चालतं. गव्हाचं असेल तर माझे पुढचे आठ दिवस गेले. एक शब्द जास्त लिहायला काय जात होतं यांचं?

मला सिलिअॅक नावाचा आतड्याचा आजार आहे. कळून चार वर्षं झाली. त्याआधी सहा वर्षं मी लोहाच्या गोळ्या खात होते आणि हिमोग्लोबिन काही वर सरकत नव्हतं. "बायकांना असतंच", "गूळ-शेंगदाणे खा", "टेन्शन घेऊ नको". पोट फुगायचं, तोंड यायचं, जिना चढताना धाप लागायची. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची, या आजाराची रक्ततपासणी करायला लावली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे काढून तपासले. आतड्यातले रसांकुर, ज्यांच्यातून अन्नातलं सत्त्व रक्तात जातं, ते पार झिजून सपाट झाले होते. गोळ्यांतलं लोह शोषलं जाणार तरी कुठून? गहू, जव आणि राय नावाचं धान्य यांतलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की माझंच शरीर माझ्या आतड्यावर उठतं. याला गोळी नाही. जन्मभर ग्लुटेन पूर्ण बंद, हा एकच उपाय. रोजचं ५० मिलीग्रॅम ग्लुटेनसुद्धा आतड्याला इजा करायला पुरतं, आणि ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये त्याच्या कितीतरी पट असतं. त्यामुळे "एका घासाने काय होतंय" हे वाक्य मला कृपा करून कोणी ऐकवू नका.

तर हिंग. हे ज्यांना माहीत नाही त्यांनी घरातली डबी उलटी करून बघा. आपण जो वापरतो तो निव्वळ हिंग नसतो. हिंग म्हणजे अफगाणिस्तान-इराणकडच्या एका झाडाच्या मुळांतून पाझरणारा चीक. तो इतका उग्र असतो की तसाच वापरणं अवघड जातं, म्हणून त्यात डिंक आणि पीठ घालून तो सौम्य करतात. बाजारात त्याला बांधानी हिंग म्हणतात. नियमात हे चालतं, माझी त्याला हरकत नाही. पण ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं, आणि हिंग कशात नसतो ते सांगा. वरणाच्या फोडणीत, कैरीच्या लोणच्यात, पापडात, चिवड्यात, ताकाच्या मसाल्यात. निदान झाल्यावर पहिले पाच महिने मी पोळी, ब्रेड, बिस्किट काही तोंडात घातलं नव्हतं तरी रिपोर्ट सुधारत नव्हता. डॉक्टर विचारायचे, चोरून खाता का? मी रडकुंडीला आले होते. एके दिवशी नवऱ्याने फोडणीच्या डब्याशेजारची हिंगाची डबी सहज उचलून वाचली. दोन वेळच्या फोडणीतून मी रोज गहूच खात होते.

घरची डबी मी बदलली, तांदळाच्या पिठातला हिंग शोधून काढला. बाहेरच्या पाकिटांचं काय करू? चिवड्याच्या पाकिटावर 'हिंग' एवढंच लिहिलेलं असतं. हिंगाच्या पोटात काय, ते नाही. 'मसाले' असा एकच शब्द असतो, त्यात मिरची-धणे आहेत का मसाला मोकळा राहावा म्हणून मिसळलेलं पीठ आहे, कोण सांगणार? मी नाशिकची आहे. आमच्याकडे पाहुण्याच्या हातात परतताना चिवड्याचं पाकीट देतात. माझ्याच गावाचा चिवडा मी चार वर्षांत खाल्लेला नाही. मिसळ तर सोडूनच दिली. नुसता रस्सा मागितला तरी तर्रीत हिंग असतो आणि शेव ज्या कढईत तळतात त्यातच आणखी काय काय तळलेलं असतं.

आणि ते सगळं यादीत टाकून मोकळं होणारे वेगळेच. 'या कारखान्यात गहू, दूध, सोया, शेंगदाणे, तीळ, मोहरी हाताळली जाते.' नुसत्या शेंगदाण्याच्या पाकिटावरही हेच. म्हणजे गव्हाचे कण खरंच आत जाऊ शकतात का वकिलाने सांगितलं म्हणून छापलंय, मला कळायला मार्ग नाही. शेजारच्या पाकिटावर काहीच लिहिलेलं नसतं, तेव्हा ते सुरक्षित आहे का तिथे कोणी विचारच केलेला नाही, तेही कळत नाही. मध्यंतरी तर कहर झाला. आठ महिने मी एकच पोह्यांचा तयार नाश्ता आणत होते, लेबल पाठ होतं. पाकिटाचा रंग बदलला, 'नवीन चव' असं झळकलं, आणि मी न वाचता खाल्लं. माझी चूक, मान्य. पण घटक बदलले हे पुढच्या बाजूला लिहायला नको? चवीची जाहिरात पुढे आणि गहू मागच्या घडीखाली! तीन दिवस मी अंथरुणात होते.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. किलोभर पदार्थात २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल तरच 'ग्लुटेन फ्री' म्हणता येतं. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत ग्लुटेन असलेली धान्यं अॅलर्जीच्या यादीत आहेत, ती जाहीर करावीच लागतात. कागदावर सगळं आहे. पण ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत दिली की भागतं, मराठीची सक्ती नाही. माझ्या सासूबाई सातवी शिकल्यात, मराठी पेपर अथपासून इतिपर्यंत वाचतात. माझ्यासाठी वेगळी कढई, वेगळं लाटणं, वेगळी चाळणी त्यांनी स्वतः काढून ठेवलीये. पण 'बार्ली माल्ट एक्स्ट्रॅक्ट' म्हणजे जव, हे त्यांना कसं कळावं? दर वेळी पाकिटाचा फोटो मला ऑफिसात पाठवतात आणि माझं उत्तर येईपर्यंत गॅस बंद करून बसतात. सत्तरीच्या बाईला सुनेला जेवण द्यायची भीती वाटावी?

आमच्या सोसायटीतली चार वर्षांची मुलगी, वाचता येत नाही अजून, चौकोनातला हिरवा ठिपका बघून सांगते, "हे आपल्याला चालतं." किती चांगली गोष्ट आहे ती! शाकाहारी माणसाला या देशात दुकानात पंचवीस मिनिटं उभं राहावं लागत नाही. मग गव्हासाठी एक खूण का नाही? एक कणीस काढा पाकिटाच्या पुढच्या बाजूला. मला 'ग्लुटेन फ्री'ची चैन नकोय. त्या शिक्क्याचं पीठ साध्या आट्याच्या तिप्पट-चौपट भावाने घेऊन माझा जीव मेटाकुटीला आलाय. मला फक्त दिसू दे, गहू आहे का नाही.

वर लोकांचं ज्ञान. "गहू नाही गं, रवा आहे." "मैदा चालत नसेल, खपली गहू खा, तो पचतो." अहो, रवा गव्हाचाच, मैदा गव्हाचाच, आणि खपली हाही गहूच, त्यातही ग्लुटेन असतं! नात्यातल्या एका काकूंनी सत्यनारायणाच्या शिऱ्याला नको म्हटलं तर "प्रसादाला नाही म्हणू नये" म्हणून हातावर ठेवलाच. वरून "हे आजकालचं फॅड आहे." आजकालचं? दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा हाच आजार असलेली मुलं सुधारत होती आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडत होती. डिके नावाच्या तिथल्या डॉक्टरांनी गव्हाकडे बोट दाखवलं त्याला पाऊणशे वर्षं होऊन गेली.

मी निवांत खाते ते एकच. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात पेठ-हरसूलकडच्या बायका नागली, म्हणजे नाचणी, घेऊन बसतात. पोत्यावर लेबल नाही, पण दाणा डोळ्यांना दिसतो. घरी आणून ताटात पसरून निवडते आणि घरघंटीवर दळते, कारण गिरणीत आधी गव्हाचं दळण झालेलं असतं आणि त्याचं पीठ जात्यात राहतंच. घरघंटीचे हप्ते अजून चालू आहेत. नागलीची भाकरी, भगर, भात, बाजरी. पण नोकरी करणारी बाई रोज तीन वेळा सगळं स्वतः निवडून, दळून, थापून किती दिवस खाईल? मलाही कधीतरी पाकीट फोडून खायचंय.

त्या हिंगाच्या डबीवरच्या ग्राहक सेवेच्या नंबरवर काल रात्री दुकानातून आल्या आल्या फोन लावला. बाईंनी विचारलं, "मॅडम, डबी फुटलेली निघाली का?" मी म्हटलं, नाही, यात कुठलं पीठ आहे ते सांगा. "ती माहिती आमच्या स्क्रीनवर नाही." मग कोणाकडे आहे? "मॅडम, डबीवर लिहिलेलं असेल, बघा ना."