कुलूप का तोडले नाही?

आज दुपारी माझ्या भाच्याचा फोन आला. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्याला लागून जेमतेम पाच महिने झाले आहेत. काल दुसऱ्या पाळीत पॅकिंगच्या यंत्राच्या साखळीवरचे झाकण सैल होऊन थरथरताना त्याला दिसले. तिथे काम करणाऱ्या बाईंच्या ओढणीचे टोक साखळीपासून वीतभर अंतरावर होते. त्याने लाल बटण दाबून यंत्र थांबवले, झाकणाचे बोल्ट आवळून घेतले आणि 11 मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू करवले. आज सकाळी त्याच्या हातात मेमो पडला. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय उत्पादन थांबवून अधिकारकक्षेचे उल्लंघन केल्याबद्दल त्याने 24 तासांत लेखी खुलासा करावा, असे त्यात म्हटले आहे. बाईंचा उल्लेख त्या कागदावर कुठेही नाही.

तेव्हापासून मला त्या शीतगृहातली रात्र आठवते आहे.

सोळा वर्षांपूर्वी मी कळमेश्वर रस्त्यावरच्या एका शीतगृहात स्टोअर इन्चार्ज होतो. मे महिना होता आणि मृग बहराची संत्री आत ठेवलेली होती. रात्री एकच्या सुमारास वादळ आले, वीज गेली आणि कॉम्प्रेसर बंद पडला. जनरेटर चांगला होता, टाकीत डिझेलही होते. पण त्याची चावी व्यवस्थापकांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद होती, आणि पुण्याच्या मुख्य कार्यालयाची मंजुरी मिळाल्याशिवाय जनरेटर लावायचा नाही, असा लेखी आदेश होता. व्यवस्थापकांचा फोन लागेना, पुण्यात तर कोणी उचलेना. आमचा ऑपरेटर दर तासाला टॉर्चच्या उजेडात तापमान पाहून लॉगबुकात लिहीत होता. साडेसहा, सात, आठ, साडेनऊ. दर वेळी तो माझ्याकडे येऊन एवढेच म्हणे, "साहेब, चाबी त ड्रावरात हाये." सकाळी आठ वाजता परवानगी आली, तेव्हा आकडा 13 वर पोचला होता. पुढच्या आठवड्यात क्रेटमागून क्रेट देठाकडून कुजलेली संत्री बाहेर निघाली. ती काटोलकडच्या शेतकऱ्यांची होती.

आपल्याकडच्या प्रत्येक बैठकीत साहेब लोक एकच तक्रार करतात, की आपली माणसे पुढाकार घेत नाहीत, आपल्याला वरून सांगावे लागते. मला या वाक्याची चीड आहे. माणसे घाबरट जन्माला येत नाहीत. ज्याला दिसते त्याच्या हातात अधिकार नाही आणि ज्याच्या हातात अधिकार आहे त्याला दिसत नाही, अशी उतरंड तुम्ही स्वतः रचता, आणि तिच्यात वाढलेला माणूस गप्प राहिला की त्याला वृत्तीचा दोष म्हणता!

हे केवळ आपल्या गावातल्या शीतगृहांपुरते नाही. 28 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेचे चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झाले आणि सात जण गेले. आदल्या रात्रीच्या दूरध्वनी बैठकीत रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितले होते की, 12 अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात उड्डाण करू नये, कारण थंडीत सांध्यांमधली रबरी कडी ताठरते आणि तापलेला वायू अडवू शकत नाही. त्यांच्याच व्यवस्थापकांनी ते मत फिरवले. नंतरच्या चौकशीत निष्पन्न झाले की, उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांपर्यंत ही मूळ शिफारस पोचलेलीच नव्हती. ज्ञान संस्थेच्या आतच होते, पण ते वर चढताना मधल्या पायऱ्यांवर अडकले. आमच्या लॉगबुकातल्या आकड्यांचे तेच झाले होते.

उलट टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोष दिसला की डोक्यावरची दोरी ओढता येते. गटप्रमुख धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात दोष निघाला नाही तर उत्पादनाची सगळी रांग थांबते. या पद्धतीचे मूळ मोटारीत नाही, मागात आहे. टोयोटा मोटारच्या संस्थापकांचे वडील साकिची टोयोडा यांच्या 1924 च्या स्वयंचलित मागात धागा तुटला की माग आपोआप थांबत असे. थांबवणे हा तिथे गुन्हा नाही, ते कामाचाच भाग आहे. माझ्या भाच्याने याहून वेगळे काय केले?

आणि जपानपर्यंत तरी कशाला जायचे? जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि तिचा कारभार बेझनजी मेहता यांच्या हाती दिला. ते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले होते, कापडाचा त्यांना अनुभव नव्हता. मालक मुंबईला, पण मिल चालवणारा इथे, यंत्रांच्या शेजारी. इंग्लंडमधले गिरणीवाले सूत कातायच्या ज्या नव्या रिंग चात्यांबद्दल साशंक होते, त्या या मिलने फार लवकर वापरून पाहिल्या. ज्या गावात हे घडले, त्या गावात आज एका जनरेटरसाठी पुण्याची परवानगी लागावी, याचे मला फार वाईट वाटते. 1956 पर्यंत हे शहर तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. सही दुसऱ्या गावी गेली की काय होते, हे विदर्भातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हो, ती चावी कुलपात का गेली, तेही सांगितले पाहिजे. आमच्याच शीतगृहात त्याच्या दोन वर्षे आधी डिझेलची चोरी झाली होती. नियंत्रण नको असे मी म्हणत नाही. पण एका चोराने काही कॅन डिझेल नेले म्हणून रात्रपाळीच्या प्रत्येक प्रामाणिक माणसाचा हात बांधायचा? डिझेलचा हिशेब सकाळी मागता आला असता. चोरी होऊन गेली, चोरही गेला, आदेश मात्र तसाच राहिला, कारण तो मागे घेणे हे कोणाचेच काम नव्हते.

चौकशीला पुण्याहून एक अधिकारी आले होते. त्यांनी ऑपरेटरला सर्वांसमोर विचारले, "परिस्थिती इतकी गंभीर होती, तर तुम्ही कुलूप का तोडले नाही?" तो खाली मान घालून उभा राहिला. त्याची वेतनवाढ रोखली गेली. कुलूप तोडले असते तर त्याला कामावरून काढले असते, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होते. मलाही माहीत होते. मी त्याचा वरिष्ठ होतो, टेबलापासून चार पावलांवर उभा होतो, कुलूप मीही तोडले नाही, आणि त्या दिवशी तोंडही उघडले नाही. तो पुढे दोन वर्षे माझ्याबरोबर कामाला होता. त्या रात्रीबद्दल तो मला कधीही काही बोलला नाही.

भाच्याने खुलाशाचा मसुदा आत्ताच मला पाठवला आहे. सगळी हकीकत त्याने नीट लिहिली आहे. शेवटी मात्र "यापुढे परवानगीशिवाय यंत्र थांबवणार नाही" असे वाक्य आहे. ते मी खोडून परत पाठवले. त्यावर ताईचा फोन आला. "तुझं सगळं खरं आहे रे, पण ते वाक्य राहू दे. पोराची नोकरी नवीन आहे."

खुलासा उद्या सकाळी नऊच्या आत द्यायचा आहे. तो अजून जागा आहे. मी त्याला पुन्हा फोन लावतो आहे.