दर आठ मिनिटांचे गणित

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला आहे : देशात दर आठ मिनिटांना एक मूल पळवले जाते, यामागे अवयव विकणारी टोळी आहे, पोलीस आकडे दडपतात, आणि शाळेबाहेर अनोळखी भिक्षेकरी दिसल्यास त्याला तिथेच धरून ठेवा.

आकडा फुगवलेला नाही, उलट कमीच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये ८३,३५० मुले बेपत्ता झाल्याची नोंद झाली, म्हणजे साधारण सव्वासहा मिनिटांना एक. मात्र त्या वर्षी ८०,५६१ मुले सापडली (त्यांत आधीच्या वर्षांत हरवलेलीही आली), हे त्याच अहवालात असूनही मेसेजमधून गळते. स्वारगेटवरून सुटणाऱ्या एसट्या मोजायच्या आणि परतणाऱ्या मोजायच्याच नाहीत, तर महिन्याभरात सगळ्या गाड्या चोरीला गेल्याचे सिद्ध करता येईल. न सापडलेल्या मुलांची संख्याही हजारांत आहे आणि ती गंभीरच आहे; पण ती वेगळी संख्या आहे.

‘पळवले जाते’ हा शब्द कुठून आला, ते पाहण्यासारखे आहे. समजा, दहावीच्या निकालावरून घरी बोलणी बसली म्हणून एक मुलगा न सांगता मामाकडे निघून गेला. रात्री आईवडील चौकीत जातात आणि अज्ञात व्यक्तीविरुद्ध ‘फूस लावून पळवून नेल्याचा’ गुन्हा दाखल होतो, कारण बेपत्ता मुलाच्या प्रत्येक तक्रारीत प्रथमदर्शनी अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१३ चा आदेश आहे. आदेश योग्यच आहे, त्यामुळे शोध लगेच सुरू होतो. परंतु कलम लागले म्हणजे अपहरण झाले, असे नव्हे. २०२२ च्या नोंदींत सुमारे तीन चतुर्थांश मुली आहेत, आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलगी ओळखीच्या मुलाबरोबर घर सोडते तेव्हाही तेच कलम लागते.

अवयवांच्या टोळीबद्दल थोडक्यात : प्रत्यारोपणाला रक्तगट जुळावा लागतो, तपासण्या, शस्त्रक्रियागृह आणि तज्ज्ञांचा चमू लागतो, आणि काढलेले हृदय जेमतेम चार ते सहा तास टिकते. हे काम व्हॅनमध्ये होत नाही. आकडे दडपण्याचा आरोप तर मेसेजच खोडून काढतो, कारण हे आकडे पोलिसांच्याच नोंदींतून येतात.

उरते शेवटची ओळ. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने धरून ठेवले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते.